बेचाळीस बायकांची नावं

मी सुनंदाचा टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं साठवलं. आज माझं थोडं ऐका.

सुनंदा धुळ्यातल्या देवपूरची. एम.ए. झाल्यावर तिनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता, कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, राबलेल्या बायकांचा इतिहास. १९८७ साली तिचा भाऊ अभिमन मला घेऊन आला. मला पिशवीत घालून ती एसटीनं शिरपूरला गेली, भागाबाईंकडे. तरुणपणी या भागाबाईंनी जिनच्या फाटकाशी बायकांचा संप उभा केला होता.

"मालकना दप्तरमा निस्तं 'बाया बेचाळीस' लिखेल शे," भागाबाई म्हणाल्या. "नावं मी सांगस. तू लिख, माय."

डोळे मिटून त्या एकेक नाव घेऊ लागल्या. पहिल्याच बाईचं तान्हं पोर त्या फाटकाशीच दगावलं, तेही सांगितलं. सुनंदाचा हात थबकला तो थबकलाच. टेप चालू आहे, मागाहून उतरवून घेऊ, असं तिला वाटलं.

गाईड सर म्हणाले, "म्हातारीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. कागद आणा."

कागदावर तर नावंच नव्हती. ती महिनोन्‌महिने दप्तरं धुंडाळत राहिली. तेवढ्यात लग्न होऊन नशिराबादला आली.

नवरा बन्सीलाल शाळामास्तर. माणूस वाईट नव्हता. "एवढ्या परीक्षा होऊ देत, मग बस लिहायला," म्हणायचा. परीक्षा दरवर्षीच यायच्या.

नणंदेच्या हळदीला सासूबाईंना गाणी भरून हवी होती. सुनंदा चुलीपाशी होती. बन्सीलालनं हाताला लागली ती कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. मला ओरडता येत नाही. एकेक नाव मी पुसत गेलो, त्यावर हळदीची गाणी भरत गेलो.

चार दिवसांनी सुनंदानं कॅसेट लावली. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"मला कोरी वाटली गं," बन्सीलाल कासावीस होऊन म्हणाला. "परत जाऊन विचार ना त्यांना."

"त्या पौषात गेल्या हो."

त्या दुपारी तिनं आठवून आठवून नावं लिहिली. सात आठवली. आठव्यापाशी पेन कितीतरी वेळ नुसतं टेकून राहिलं. पुढे नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं, तेही तिनं कुणाला दाखवलं नाही.

आता मी माळ्यावर आहे. माझा आतला रबरी पट्टा सैल झालाय. तुमच्या गल्लीत एखादी म्हातारी अजून बोलत असेल, तर आजच तिच्यापाशी जाऊन बसा. आणि माझ्यासारख्यावर विसंबू नका. ती बोलेल तसं हातानं लिहून घ्या.