एका जागी दोनदा जायचं नाही

हिर्डोशीच्या शाळेच्या व्हरांड्यात चैत्रालीनं बाळाबाईंपुढं प्राणिसंग्रहालयाचा नकाशा ठेवला, तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बाळाबाई पासष्टीच्या. पहाटे उठून त्यांनी गोठा आवरला होता, पायाला लागलेल्या म्हशीसाठी जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडला होता आणि सुनेला भोरच्या एसटीत बसवून दिलं होतं. एवढं सगळं उरकून, चैत्रालीताईंनी बोलावलंय म्हणून त्या पदर सारखा करत येऊन बसल्या होत्या.

नकाशावर हत्ती होता, सिंह होता, मगरीचं तळं होतं. सहा ठिकाणं बघून यायचं आणि एक वाट एकदाच वापरायची, असा नियम. बाळाबाईंनी कागदावर बोट फिरवलं आणि सिंहाला कुणी आणून डांबलं ते विचारलं. मग बोट सरळ बाहेरच्या फाटकावर ठेवलं.

"हितनं भाईर पडायचं का? मग आत कशाला जायाचं?"

दुसऱ्या कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली होती. एक, मग अ, मग दोन, मग आ, अशी रेघ ओढत जायचं. बाळाबाईंची शाळा दुसरीत सुटलेली. त्या 'इ'पाशी थांबल्या त्या थांबल्याच. चैत्रालीनं घड्याळ बंद केलं. चोवीसपैकी चार गुण. सोबतच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात चारच्या पुढं दोन शब्द छापलेले होते : गंभीर बिघाड.

ती चाचणी मेंदूच्या एका खास ताकदीची होती. काम मनात आखणं, त्याचा क्रम लावणं, मध्येच काही आडवं आलं तर वाट बदलणं आणि ठरलं ते पार पाडणं, या सगळ्याची. पुण्याच्या संस्थेनं मूळ इंग्रजी चाचणी मराठीत आणायचं काम घेतलं होतं आणि भोर-वेल्ह्याची गावं चैत्रालीकडे आली होती, कारण ती भोरचीच. उद्या हीच चाचणी दवाखान्यांत जाणार होती. परतीच्या एसटीत तिला बसायला जागा होती, तरी ती दांडा धरून उभीच राहिली. सगळ्या वाडीच्या लग्नांची जेवणावळ जी बाई तोंडी आखते, तिच्या नावापुढं हे दोन शब्द लिहायचे? न लिहावेत, तर मग लिहायचं काय?

नूतन मॅडम तिच्या मार्गदर्शक. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक अहवाल पाठवला. एका गटानं हीच चाचणी अरबी बोलणाऱ्या प्रौढांसाठी बदलली होती. त्यांनी रेघेची दिशा उजवीकडून डावीकडे केली, अक्षरांचा क्रम बदलला, प्राणिसंग्रहालय काढून तिथं बाजार आणला. आणि एवढं करूनही शेवटी स्वतःलाच विचारलं होतं, की आता आपण मोजतोय ते तेच आहे का. चैत्रालीनं तो अहवाल तीनदा वाचला. शब्द बदलणं सोपं होतं. मेंदूला तेवढाच ताण देणारं इथलं काम कुठलं, ते शोधणं अवघड होतं.

पुढचे आठ दिवस ती एका जागी बसली म्हणून नाही. स्टँडवर जाऊन उभी राहायची, डोंगरातून उतरणाऱ्या बायाबापड्यांच्या मागं मागं चालायची, घरी येऊन लिहायची, फाडायची, पुन्हा बाहेर पडायची. शेवटी एक कागद तयार झाला. भोरच्या बाजारपेठेचा साधा नकाशा आणि त्यावर एका दिवसाची कामं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, दवाखाना बाराला बंद होतो. तहसीलातून दाखला घ्यायचा. कोयत्याला धार लावून घ्यायची. बियाणं आणायचं. बरोबर साडेबाराला एक फोन करायचा आणि तीनची एसटी पकडायची. नियम दोनच : एका जागी दोनदा जायचं नाही आणि यादीबाहेरचं काम करायचं नाही.

गावात नेण्याआधी कागद कुणावर तरी घासून बघायला हवा होता. तिनं वडिलांना बसवलं. आनंदराव म्हणजे भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. भोर तालुक्यातला बांध न् बांध त्यांनी साखळी लावून मोजलेला. नकाशा म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. जुनी चाचणी त्यांनी हसत हसत सोडवली, चोवीसपैकी तेवीस. चैत्रालीला बरं वाटलं. मग तिनं नवा कागद पुढं सरकवला.

आनंदरावांनी आधी पट्टी मागितली. नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढला. राजवाड्यामागची गल्ली चुकलीय म्हणाले आणि ती खोडून नीट काढली. पाव तास गेला. चैत्रालीनं कामांची आठवण केली, तेव्हा "तेच करतोय" असं म्हणून ते दवाखान्यात गेले, तहसीलात गेले, पुन्हा दवाखान्यात गेले, आणि तिथून थेट एसटी स्टँडवर.

"बाबा, नियम काय होता?"

"एका जागी दोनदा जायचं नाही," ते एका दमात म्हणाले, आणि पेन्सिल तिसऱ्यांदा दवाखान्यावर टेकवली.

नियम तोंडपाठ, पण हात तो पाळत नाही. चैत्रालीनं हे लक्षण पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तिनं घाईघाईनं कागद ओढून घेतला आणि शेरा मारला : 'उत्तर देणारी व्यक्ती व्यवसायानं नकाशे काढणारी, निकाल धरू नये.' मग उठून तिनं गरज नसताना खिडक्या पुसायला घेतल्या.

आई, शैलजाताई, स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई. आनंदराव पेपर घेऊन अंगणात गेले तेव्हा त्यांनी मुलीला आत बोलावलं आणि फळीवरच्या डब्यातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला. प्रत्येक चिठ्ठीवर आईचं अक्षर. आधी बँक, मग गिरणी. गिरणीतून सरळ घरी. अंघोळ झाली की शर्ट बदलायचा.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या खिशात रोज एक ठेवते. बाहेर कुणाला कळत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"या कामाआधी तू शनिवारी यायचीस, रविवारी जायचीस. तेवढा वेळ हे छान असायचे. आणि तू नाव दिलं असतंस गं त्याला. मला नाव नको होतं."

चैत्रालीला आईचा राग आला, मग स्वतःचा आला. घरचं माणूस समोर बसलेलं, आणि आपण हिर्डोशीच्या बाईच्या मेंदूत बिघाड शोधत बसलो.

कामं मात्र थांबणारी नव्हती. बाजाराच्या दिवशी बाळाबाई खरोखरच भोरला आल्या. त्यांची परवानगी घेऊन चैत्राली वही-पेन घेऊन चार पावलं मागून चालू लागली. आज नकाशा नव्हता, सगळी कामं खरी होती. बाळाबाईंनी स्टँडवरच उभं राहून घड्याळ बघितलं आणि कोण कधी बंद होतं ते एकदा पुटपुटून घेतलं. आधी लोहाराकडे कोयता टाकला, धार होईस्तोवर दवाखान्याची रांग धरली. तहसीलातला माणूस जेवायला गेलेला दिसला तशी तिथं न टेकता बियाण्याचं दुकान गाठलं. साडेबाराला रस्त्याच्या कडेला थांबून, ठरल्याप्रमाणे, चैत्रालीलाच फोन लावला. चैत्राली चार पावलांवर उभी होती, तरी बाळाबाई फोनमध्येच बोलल्या, "साडेबारा झाल्यात. म्या बोलतेय."

मग दाखला घेतला, धार लावलेला कोयता उचलला आणि तीनच्या आधी स्टँड गाठला. फक्त एक गोष्ट चुकली. कोयता आणायला परत जाणं कामातच येतं, पण बियाण्याच्या दुकानातही त्या दोनदा गेल्या. चैत्रालीनं वहीत फुली मारली आणि परतताना त्यांना ती दाखवली. बाळाबाईंनी फुलीकडे बघितलं.

"पिशवी तितं ठिवली हुती, ताई. वजं घिऊन समदीकडं कशापायी हिंडायचं? तुमी चूक लिवा, पर म्या पुन्यांदा बी असंच करीन."

चैत्रालीनं तिथंच वहीत नियम बदलला. ठरवून परत जाणं ही चूक नाही. आपण इथं आधी येऊन गेलोय हे विसरून जाणं, ती चूक. या दोन गोष्टींतलं अंतर तिनं घरच्या टेबलावर नुकतंच बघितलं होतं.

गुरुवारी ती वडिलांना घेऊन बाहेर पडली. या वेळी खिशात चिठ्ठी नव्हती. तेवढी परवानगी आईनं बऱ्याच वेळानं दिली आणि ती घरीच थांबली. चार कामं होती : औषधं, चष्म्याची दांडी, पोस्ट आणि अकराला घरी फोन. चौपाटीच्या चौकापर्यंत आनंदराव ताठ चालले. वाटेत लोक नमस्कार करत होते, ते नावानिशी चौकशी करत होते. मग पाय आपोआप त्यांच्या जुन्या भूमापन कचेरीकडे वळले. बाहेरच्या बाकावर आंबवड्याचे सावळारामबुवा कागद हातात घेऊन बसले होते, मोजणीची नोटीस कळत नव्हती म्हणून. आनंदराव शेजारी टेकले आणि नोटीस ओळीओळीनं समजावून सांगू लागले. कुठला दगड हद्दीचा, हरकत कधी घ्यायची, सगळं अचूक. सावळारामबुवांनी हात जोडले.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. चैत्राली समोरच्या झाडाखाली एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी होती. सावळारामबुवा निघून गेले तरी आनंदराव बाकावरून उठले नाहीत. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले, पुन्हा शर्टाचा. ती जवळ गेली.

"चिठ्ठी नाहीये," ते म्हणाले. "तुझी आई ठेवते रोज. तिला वाटतं मला माहीत नाही, कोण ठेवतं ते."

"बाबा, काय काय करायचं होतं आठवतंय?"

"चारही आठवतायत. औषध, चष्मा, पोस्ट, फोन." त्यांनी एकेक बोट दुमडलं. "पण उठायचं कसं ते कळत नाही. हे एक संपलं की पुढचं आपोआप सुरू व्हायचं पूर्वी. आता नाही होत."

त्यांच्याइतकं स्वच्छ तिला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. ती शेजारी बसली. मग तिनं विचारलं, की त्या दिवशीचा कागद तिनं बाद केलाय, तो तसाच बाद ठेवू का. आनंदरावांनी ताबडतोब नकारार्थी मान हलवली. बाद केलेली मोजणी म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं, असं ते म्हणाले. नाव काढून टाक, आकडे राहू देत.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की मेंदूच्या पुढच्या भागाचा, सावकाश वाढणारा आजार आहे. बरा होणार नाही. पण दिवस नेमून दिलेला असला आणि सोबत माणूस असलं, तर बरीच वर्षं नीट जातील. शैलजाताईंनी नाव ऐकून घेतलं, एका कागदावर लिहून घेतलं आणि घरी आल्यावर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. चिठ्ठ्या आता दोघं मिळून सकाळी चहा घेताना लिहितात. आनंदराव त्यात क्रमांक घालतात.

नूतन मॅडमनी नवी चाचणी वाचली, बदललेल्या नियमाखाली दोन रेघा ओढल्या आणि आधी चाळीस माणसांवर तपासून आणायला सांगितलं. बाळाबाईंच्या कागदावरचे दोन शब्द गेले. चैत्राली पुढच्या सोमवारी वेल्ह्याला पोचली. ग्रामपंचायतीच्या खोलीत पहिल्या बाई येऊन बसल्या होत्या, तरी ती दारात उभी राहून फोन कानाला लावून होती. आजाराचं नाव कळल्यापासून आनंदराव आज पहिल्यांदाच एकटे पोस्टात निघणार होते.

"गेलेत," आई म्हणाली. "दहा मिनिटं झाली."

"चिठ्ठी?"

"आहे. तू तुझं काम कर."

चैत्रालीनं बाईंपुढं कागद ठेवला, नियम समजावून सांगितला आणि घड्याळ सुरू केलं. बाईंनी पेन्सिल उचलली. चैत्रालीचं लक्ष घड्याळाकडे होतं, पण ती मनात भोरची गल्ली चालत होती, पोस्टापर्यंतची.