दंतपंक्तीचे दोनशे चौदा वाचक

बुधवार, सकाळचे सव्वादहा. स्थळ: कृत्रिम दातांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान कार्यशाळेची मागची खोली. उपस्थित तिघे: कार्यशाळेच्या मालकीण, म्हणजे माझ्या वहिनी, त्यांची मुलगी, आणि कार्यशाळेच्या संकेतस्थळावरचा सर्व मजकूर ज्याने लिहिला, तो मी. चौथी खुर्ची दादाची. ती कोणी हलवली नव्हती, तिच्यावर कोणी बसतही नव्हते. सध्या तिच्यावर प्लास्टरची अर्धी पिशवी ठेवलेली होती.

दादाला जाऊन अकरा आठवडे झाले होते. त्या दिवसाविषयी मला एवढेच नेमके आठवते, की वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या आणि त्या मी दुरुस्त केल्या. मग लोक आले, बसले, गेले. मी चहाचे कप विसळले. त्यानंतरही काही झाले असेल. मला ते झाल्यासारखे वाटले नाही.

प्रश्न असा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने वहिनींना नोकरी देऊ केली होती आणि शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर मागितले होते. नोकरी घेतली तर कार्यशाळा बंद. ती चालू ठेवायची तर गिऱ्हाईक हवे. दंतवैद्य आजवर काम पाठवत ते दादाच्या ओळखीवर, आणि ती ओळख त्याच्याबरोबर गेली. राहता राहिला इंटरनेटचा रस्ता. तुटलेले दात हातात घेऊन जो माणूस शोधायला बसेल, त्याला आम्ही सापडलो पाहिजे. सापडण्याचे प्रकार दोन. एक, त्याच्या उपयोगाचा मजकूर लिहावा आणि शोधयंत्राने तो आपणहून वर आणावा यासाठी धीर धरावा. दुसरा, शोधयंत्राला पैसे मोजून निकालांच्या डोक्यावर ‘जाहिरात’ अशी पाटी लावून बसावे. पहिला पक्ष माझा, दुसरा पुतणीचा. निकाल वहिनींनी द्यायचा होता.

पुतणीला घरात सगळे मुंगी म्हणतात. ती जाहिरातींच्याच कचेरीत काम करते आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

“काका, भाषण नको हं,” ती म्हणाली. “फक्त मुद्दे सांगा.”

“मुद्दे नीट लावून मांडले, की त्यालाच भाषण म्हणतात.”

“झालं. आई, ऐकलंस? सुरू झालं.”

“बोलू दे त्यांना,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे हात थांबलेले नव्हते. एक खालची दंतपंक्ती मधोमध तुटून आली होती. तिचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून त्या उजेडाकडे धरत होत्या, बारीक रेघ जुळते का ते पाहत होत्या. समोर गुलाबी भुकटीची बाटली उघडी होती आणि तिच्या शेजारच्या द्रवाचा उग्र वास खोलीभर पसरला होता.

मी मांडले ते असे. जाहिरातीवर बोट ठेवणारा मनुष्य विश्वासाने येत नाही, घाईने येतो. लेख वाचून येणाऱ्याला मात्र आपण कोण आहोत, काम कसे करतो, दातांची निगा कशी राखावी, हे आधीच कळलेले असते. असा मनुष्य घासाघीस करत नाही आणि दुसऱ्या वेळीही आपल्याकडेच येतो.

“काका, त्याचा दात तुटलाय,” मुंगी म्हणाली. “तो घाईनेच येणार. संध्याकाळी त्याला जेवायचंय.”

“जेवणाआधी मनुष्य वाचू शकतो.”

“तुम्ही वाचता. बाकीचे जेवतात.”

वहिनींच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसू होते की तुकड्यांवरची फुंकर, ते मला सांगता येणार नाही.

इथे एका शब्दाविषयी सांगणे भाग आहे, कारण सारा वाद अखेर त्याच्यापाशी येऊन अडत होता. संकेतस्थळावर मी एकोणीस लेख लिहिले होते, आणि त्या एकोणीस लेखांत ‘कवळी’ हा शब्द एकदाही नव्हता. सर्वत्र ‘कृत्रिम दंतपंक्ती’. याची कारणे दोन होती आणि ती मला आजही भक्कम वाटतात. पहिले असे, की कवळी म्हणजे कोवळीसुद्धा. एका शब्दाने दोन दारे उघडत असतील, तर काटेकोर लेखकाने तो वापरू नये. दुसरे असे, की ज्याचे सगळे दात गेले त्याने पुष्कळ सोसलेले असते. ज्या शब्दावर घरातली पोरे तोंड दाबून हसतात, तो आपणही त्याच्या हातात देऊ नये. दादाला मी ही कारणे सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, “लिही तुला हवं तसं. छान वाटतं ऐकायला.”

पहिले कारण खोटे नव्हते, याचा पुरावा गेल्याच आठवड्यात मिळाला होता. मुंगीने सात दिवस चाचणीची जाहिरात चालवली आणि त्यासाठी ‘कवळी’ हा एकच शब्द निवडला. तो शब्द कोणत्याही शोधात आला, की आमची पाटी वर. सात दिवसांत शहाण्णव माणसांनी त्या पाटीवर बोट ठेवले. त्यांतले एकसष्ट जण कवळी काकडी कशी ओळखावी, कवळी पालवी का गळते, कवळी भेंडी किती दिवस टिकते, याच्या शोधात होते. एका गृहस्थाने तर फोन करून किलोचा भाव विचारला.

“त्याला तुम्ही काय सांगितलंत, वहिनी?” मी मुद्दाम विचारले. माझ्या पक्षाचा हा सर्वांत मजबूत खांब होता.

“सांगितलं, की आमच्याकडे काकडी चावायचं मिळतं, काकडी मिळत नाही.”

मुंगी खो खो हसली. मीही हसलो, म्हणजे तसा आवाज मी काढला.

“ती चूक माझी,” मुंगी म्हणाली. “वगळायचे शब्द टाकायचे राहिले. आता काकडी, भेंडी, पालवी, सगळं वगळलंय. पण काका, उरलेले पस्तीस बघा ना. त्यातले चार जण कवळी रुमालात गुंडाळून इथे आले. एका आठवड्यात चार. आईने चारही त्याच दिवशी करून दिल्या.”

“पाच,” वहिनी म्हणाल्या. “ही पाचवी. काल संध्याकाळी आली.” आणि त्यांनी जुळवलेले तुकडे चिकट मेणाने एकमेकांना अडकवले.

मी माघार घेतली नाही. “चार काय, पाच काय, पैसे देऊन आणलेली माणसे आहेत ती. संकेतस्थळ सुरू होऊन सत्तेचाळीस आठवडे झाले आणि ‘कृत्रिम दंतपंक्ती’ या शोधात आपण पहिले आहोत. कोणाला एक पैसाही न देता पहिले. दादाने मला हे कितीदा दाखवले आहे.”

“काढू या,” मुंगी म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. “तुम्हीच टाइप करा. नाहीतर म्हणाल, शुद्धलेखन चुकलं.”

मी शब्द लिहिला. आम्ही पहिलेच होतो. माझ्या पहिल्या लेखाचे शीर्षक तिथे पूर्ण दिसत होते: कृत्रिम दंतपंक्ती: स्वरूप, निगा आणि दुरुस्ती.

“पाहा.”

“पाहिलं. पहिले आहोत, कबूल. आता खाली जा.”

खाली दुसरा निकाल आमच्याच चौथ्या लेखाचा. तिसरा आमच्याच अकराव्याचा. त्यानंतर एका शब्दकोशाचे पान.

“शर्यतीत आपण एकटेच धावतोय, काका. आता ‘कवळी तुटली’ टाका.”

मी टाकले. पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. पाचव्या पानानंतर मी फोन टेबलावर ठेवला. वाईट वाटायला हवे होते, हे मला कळत होते. मी वाट पाहिली. काही आले नाही. दंतवैद्याने सुई टोचल्यावर ओठाला हात लावावा आणि तो दुसऱ्याच कोणाचा असावा, तसे ते होते.

तरीही वाद हा माझ्या स्वभावाचा भाग आहे आणि स्वभाव अशा वेळी आपोआप चालू राहतो. मी म्हणालो, “शोधणारे थोडे असतील. पण आहेत. शोधातून आलेल्या वाचकांचा आकडा तुझ्याकडे असेलच. काढ.”

मुंगीने तिचा लॅपटॉप उघडला. “गेल्या वर्षभरात शोधातून आलेल्या भेटी...” ती थांबली. “दोनशे चौदा.”

“दोनशे चौदा!” मी वहिनींकडे वळलो. “ऐकलेत? दोनशे चौदा माणसांनी हा शब्द लिहिला. म्हणजे शब्द मेलेला नाही. आणि सरासरी किती वेळ थांबले ते?”

“अकरा मिनिटं.”

“अकरा मिनिटे! तुझ्या जाहिरातीवरून आलेले किती थांबले?”

“नऊ सेकंद. तुमचा लेख समोर आला, की पळतात. फोन नंबर पार खाली आहे ना. म्हणून तर म्हणते, दोन्ही एका पानावर जमत नाही.” पण तिचा आवाज उतरला होता. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. “काका, एक मिनिट. हे बघा.”

तिने तो आकडा दिवसांत फोडून दाखवला. पडद्यावर बुटक्या काठ्या ओळीने उभ्या राहिल्या, सगळ्या एकाच उंचीच्या. दर दिवशी एक भेट. सोमवार ते शनिवार एक, रविवारी शून्य, पुन्हा सोमवारी एक. वेळ रोज नऊ वाजून पाच ते दहा मिनिटे. उपकरण रोज तेच, याच कार्यशाळेतला संगणक. आमच्या स्वतःच्या भेटी मोजणीतून वगळायच्या असतात, त्या वगळायच्या राहून गेल्या होत्या. ओळ छत्तीस आठवडे चालली होती. मधे दोनच दिवस रिकामे होते.

“ते दोन दिवस त्यांना ताप होता,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

छत्तिसाव्या आठवड्यानंतर पडदा कोरा होता.

मुंगीने आईकडे पाहिले. “तुला माहीत होतं?”

“रोज सकाळी तो शब्द टाकायचे. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधून. म्हणायचे, रोज शोधलं की पान वर राहतं, नाहीतर घसरतं. मला वाटलं, घड्याळाला किल्ली देतात तसं काहीतरी असेल. तुमच्यातलं मला काय कळतंय.”

“असं नसतं गं, आई.”

“नसेल.”

मी विचारले, “आणि अकरा मिनिटे? चहा पिताना पान उघडे राहत असेल.” हे मी का विचारले ते मला ठाऊक नाही. आकड्याचे स्पष्टीकरण हवे, एवढेच बहुधा.

“नाही, भाऊजी. वाचायचे. ओठ हलायचे त्यांचे. रोज एक लेख. संपले, की पुन्हा पहिल्यापासून.”

मुंगी पडद्यावर बोट फिरवत मोजत होती. मोजण्याची गरज नव्हती. मी मनात भागाकार केला होता. एकोणीस लेख, अकरा फेऱ्या, दोनशे नऊ दिवस. बाराव्या फेरीत तो पाचव्या लेखावर थांबला होता. पाचवा लेख म्हणजे ‘रात्री दंतपंक्ती पाण्यात का ठेवावी’. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अनुस्वार सुटला आहे, हे मला दादा गेल्यावर दिसले होते. तो ते बारा वेळा वाचून गेला होता आणि मला कधी बोलला नव्हता. त्याला दिसले नसेल. किंवा दिसले असेल.

मुंगी नाक ओढत होती. वहिनींनी उपडी ठेवलेल्या दातांच्या आतल्या बाजूला पातळ कालवलेले प्लास्टर ओतले, बोटाने कडा सारखी केली आणि ते घट्ट होण्याची वाट पाहत हात पुसले. माझी नजर प्लास्टरवर होती. ते आधी चकाकते, मग निस्तेज होते. निस्तेज झाले, की हात लावायला हरकत नसते.

“लेख काढून नाही टाकायचे,” मुंगी थोड्या वेळाने म्हणाली. “काका, आपण ते वेगळ्या पानावर ठेवू. बाजूला. जाहिरातीवरून येणाऱ्याला फक्त नंबर आणि पत्ता दिसेल. ज्याला वाचायचं तो तिकडे जाऊन वाचेल.”

“कोण?” मी विचारले.

मी उपरोधाने विचारले नव्हते. मला नाव हवे होते.

मग मी माझ्या पक्षाचा निष्कर्ष स्वतःच सांगितला, कारण तो दुसऱ्याने सांगणे मला अयोग्य वाटले. पहिला मार्ग आम्ही सत्तेचाळीस आठवडे चालून पाहिला आणि त्या मार्गाने बाहेरून एकही मनुष्य आला नाही. दोष मार्गाचा नसून शब्दाचा, हे खरे. योग्य शब्द घेऊन तो पुन्हा चालता येईल, हेही खरे. पण त्याला आणखी वर्ष लागेल, आणि शुक्रवारला दोन दिवस उरले आहेत. एवढे बोलून मी थांबलो. वाक्ये नीट बसली होती.

वहिनींनी प्लास्टर नखाने टोकरून पाहिले. ते वाजले. त्यांनी मेण काढून टाकले, तुटलेल्या कडा घासायला छोटी कानस उचलली आणि ती हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिले.

“प्रयोगशाळेला मी आजच ‘नाही’ म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या. “मुंगी, जाहिरात सुरू कर. कवळीच लिही. भाऊजी, तुमचे लेख उतरवा. वाचणारा माणूस आता नाही.”