रंगवलेली पेटी आणि उलटा मोजा

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी तक्रारपेटी आहे. माझं तोंड जरा वाकडं आहे. ते माझ्या स्वभावामुळे नाही, सुतारकाकांची करवत घसरली म्हणून. कॉलेजच्या कार्यशाळेत उरलेल्या फळ्यांतून त्यांनी मला एका दुपारी उभं केलं आणि टपली मारून म्हणाले, "दिसायला यथातथाच आहे, पण पोट मोठं आहे हो हिचं."

त्या पोटात मी काय काय साठवलं! वसतिगृहाचं जेवण गार असतं, तिसऱ्या मजल्यावरचा पंखा रडतो, गणिताचे सर फळ्याशीच बोलतात. एका समारंभात प्राचार्यांनी माझं कौतुकही केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तक्रारी थेट कार्यालयात द्या, अशी सूचना लागली. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या सहवासात मी सहा वर्षं धूळ खाल्ली.

मला बाहेर काढलं ते शेवटच्या वर्षाच्या दोघींनी. एक उंच, जिला सगळे शिडीताई म्हणत. दुसरी तिची मैत्रीण, हातांना कायम रंग लागलेली, म्हणून रंगाताई. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. पहिल्या वर्षी हे कोणाला सांगावं, हेच त्यांना कळलं नव्हतं. तसं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून त्यांनी 'सोबत' नावाचा गट काढला. ज्या मुलाला मुलगे आवडतात, ज्या मुलीला मुली, ज्याचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरंच, अशा नव्या विद्यार्थ्याला एक जुना विद्यार्थी सोबती म्हणून मिळायचा.

पद्धत साधी होती. चिठ्ठीवर खरं नाव लिहायचं नाही, सुचेल ते टोपणनाव लिहायचं. उत्तर ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशात, त्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या पानात ठेवलं जायचं. तो शब्दकोश कोणी उघडतच नसे, त्यामुळे गुपित सुखरूप राहणार होतं.

पण उत्साहाच्या भरात दोघींनी एक घोळ घातला. मला घासूनपुसून सात झगझगीत रंगांत रंगवलं, वर मोठ्या अक्षरांत 'सोबत' लिहिलं आणि मुख्य दाराशी, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी टांगलं. मी आरशात पाहिलं असतं तर लाजले असते, इतकी देखणी झाले होते. येणारेजाणारे माझ्यासोबत फोटो काढत. चिठ्ठी मात्र एकही पडेना. महिना गेला. माझं एवढं मोठं पोट रिकामंच.

त्याच दिवसांत तो येऊ लागला. पहिल्या वर्षाचा, सडपातळ, खिशात घडी घातलेला कागद. वसतिगृहाच्या खोलीतल्या मुलांनी त्याची वही वाचली होती आणि त्यातल्या, एका मुलाबद्दल लिहिलेल्या ओळी जेवणाच्या रांगेत मोठ्याने म्हणून दाखवल्या होत्या. हे मला नळाशी चालणाऱ्या कुजबुजीतून कळलं. कॉलेज सोडायचा अर्ज त्याने आणला होता आणि शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत तो कार्यालयात द्यायचा होता. तो नळाशी यायचा, पाणी प्यायचा, माझ्याकडे बघायचा, मागे बाकावर बसलेल्या टोळक्याकडे बघायचा आणि निघून जायचा. मित्रांनो, तोंड असून बोलता न येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

गुरुवारी सकाळी ग्रंथपालबाईंनी दोघींना माझ्यासमोरच गाठलं. बाई एरवी फक्त 'शांतता' एवढंच बोलत.

"पोरींनो, पेटी झकास झालीय," त्या म्हणाल्या. "पण ग्रंथालयाच्या खिडकीतून बघतेय, एक मुलगा सकाळपासून चार वेळा पाणी पिऊन गेला. एवढी तहान उंटालासुद्धा लागत नाही. तुम्ही ही स्वतःला आवडेल अशी केलीत. ज्याला लपून यायचंय, त्याने चव्हाट्यावर कसं यायचं?"

रंगाताईचा चेहरा एवढासा झाला. महिनाभर राबून केलेलं काम होतं ते. पण ती रुसली नाही. तिने स्वतःच खरवडणी घेतली आणि माझे रंग उतरवले. दुपारपर्यंत मी पुन्हा साधी लाकडी झाले आणि ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं ठेवायच्या टेबलावर जाऊन बसले. तिथे कोणीही कशालाही येतं. नळाशी फक्त एक छोटी पाटी राहिली, 'सोबतची पेटी आता ग्रंथालयात.'

तासाभरात माझ्या पोटात पहिली चिठ्ठी पडली. 'उद्या अर्ज देतोय. त्याआधी कोणाशी तरी बोलायचं होतं.' खाली टोपणनाव होतं, 'उलटा मोजा'.

शिडीताईने शब्दकोशात 'उ'च्या पानांत उत्तर ठेवलं, 'उद्या सकाळी दहाला इथेच भेटू.' शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती आणि तो पाणी पिणारा मुलगा माझ्याच शेजारी, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसले. बराच वेळ तो नुसता मोज्याच्या नावाबद्दलच बोलत होता. घाईत नेहमी एक मोजा उलटा घालतो म्हणे. मग हळूच म्हणाला, "ताई, घरी बाबांनी विचारलं का आलास, तर काय सांगू?"

"ते मला नाही माहीत," शिडीताई म्हणाली. "आम्ही डॉक्टर नाही, मास्तर नाही. फक्त तुझ्याआधी इथून गेलोय. पहिल्या वर्षी मी दोनदा बॅग भरली. दुसऱ्यांदा चेन तुटली, म्हणून राहिले."

तो हसला आणि हसताहसता रडायला लागला. ग्रंथपालबाईंनी त्या दिवशी 'शांतता' म्हटलं नाही.

"अर्ज देऊ नको, असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाली. "पण त्या चार टवाळांमुळे देऊ नको. खोली बदलून मागू, आज, आत्ता. मी येते बरोबर."

दोघं वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे गेली. घड्याळात दीड वाजला, पावणेदोन झाले. माझा जीव टांगणीला लागला. दोनला पाच मिनिटं असताना माझ्या पोटात एक जाड कागद पडला. तो कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. खाली सही नव्हती.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. हल्ली चिठ्ठ्या फोनवर येतात आणि माझ्यावर डिंकाची बाटली ठेवतात. तरी अधूनमधून एखादी घडी केलेली चिठ्ठी पडतेच. तेव्हा जुने दिवस आठवतात आणि माझ्या फळ्या कुरकुरतात.

माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. कुणासाठी काही चांगलं करायला निघालात, तर आधी त्याला विचारा. आणि माझ्या कुलपाला महिन्यातून तेलाचा एक थेंब घालत जा. गुपितं सांभाळायला तर तेलही लागत नाही. माझं तोंड कायमचं उघडं आहे, तरी मी आजवर एकाचंही खरं नाव कोणाला सांगितलेलं नाही.