चर्चच्या पायरीवरची रांगोळी

"पाळकसाहेब, पंचवीस डिसेंबर हा आधी रोमन लोकांचा सूर्याचा सण होता, हे खरं आहे का? म्हणजे आपण नाताळ त्यांच्याकडून ढापलाय का?"

कोथरूडच्या त्या छोट्या चर्चमध्ये तरुण संघाची शनिवारची बैठक चालली होती. सलोमी साळवे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली. 'ढापलाय' हा शब्द क्लासमधल्या मैत्रिणींचा. अक्षताने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला होता आणि आम्रपाली म्हणाली होती, "आमच्या विहारात कुणीही काहीही विचारतं बाई. तुझ्यात आहे का दम? विचारलंस तर वडापाव माझ्याकडून."

गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलाही सलोमीचा आवाज फुटत नसे. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून त्या आवाजाला आवरणं घरच्यांना जमेना. यंदा तर नाताळच्या उपासनेत ताऱ्याचं आणि त्यामागून आलेल्या मागी लोकांचं, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांचं, वाचन तिच्याकडे आलं होतं. पप्पांना समोर बसवून रोज तालीम चालायची.

सलिल पाळक वयाने तरुण, नुकतेच आलेले. ते हसले. "बायबलमध्ये तारीख दिलेलीच नाही, सलोमी. काही अभ्यासक म्हणतात सूर्याच्या सणावरून घेतली, काही म्हणतात तसं काही नाही. नाताळच्या झाडाचंही तसंच, ते युरोपातल्या थंडीतून आलं. आपण त्यात काय भरलं, ते महत्त्वाचं."

सलोमीला उत्तर आवडलं. ती खाली बसली. मागच्या बाकावर मात्र रंगनाथकाका ताठ झाले. ते कमिटीचे सगळ्यात जुने सभासद, बैठक संपली की पंखे बंद करायला थांबलेले. "वा," ते म्हणाले, "म्हणजे आपल्यात बाहेरचं बरंच शिरलंय म्हणायचं."

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पप्पा कागद घेऊन उभे राहिले. संजय साळवे कमिटीचे सेक्रेटरी, त्यामुळे ठराव वाचायचं काम त्यांचंच. त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"तरुण संघातल्या एका जागरूक मुलीच्या प्रश्नावरून," त्यांनी वाचलं, "कमिटीने असं ठरवलं आहे, की यंदापासून नाताळात मूर्तिपूजकांच्या चालीरीती बंद. चर्चच्या पायरीवर रांगोळी काढू नये. फराळात करंज्या-चकल्या आणू नयेत, केक चालेल."

लोकांनी मागे वळून सलोमीकडे पाहिलं. कौतुकानेच पाहिलं. सलोमीने मात्र आईकडे पाहिलं. आई मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाचा कोपरा सरळ करत होती.

पायरीवरची रांगोळी आईची होती. कौशल्या लोणी काळभोरची, हिंदू घरातली. सगळ्यांचा विरोध पत्करून ती साळव्यांकडे आली, बाप्तिस्मा घेतला, आणि माहेरच्यांनी दार लावून घेतलं. पहिल्या नाताळला ती चर्चच्या कोपऱ्यात नुसती उभी होती. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुला रांगोळी येते ना? मग काढ की. आमच्यात कुणाला येतेय?" तेव्हापासून दर नाताळला त्या पायरीवर ठिपक्यांतून तारा उगवायचा, आणि लोक पाय जपून आत जायचे. गेल्या चार वर्षांत सासूबाई नव्हत्या, तारा होता.

सलोमी धावतच पुढे गेली. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड उभं होतं, लाल गोळे आणि कापसाचा बर्फ लावून.

"काका, मी सूर्याचं विचारलं होतं! आणि झाडाचं तर पाळकसाहेब स्वतः म्हणाले. मग हे झाड कसं राहिलं?"

"झाड?" रंगनाथकाकांना खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, झाड जगभर असतं. मिशनरी साहेबांच्या वेळेपासून आहे. ते आपलंच."

"आणि रांगोळी?"

"रांगोळी शेजारच्या प्रत्येक दारात असते. आपलं चर्च ओळखायचं कसं मग?"

"काका, मग तुमचं नाव? रंगनाथ?"

"माझं नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. जीभ फार चालायला लागलीय तुझी. चालू दे. तुझ्यामुळेच तर आमचे डोळे उघडले."

ती पाळकांकडे वळली. त्यांनी नजर चुकवली नाही, तेवढंच. "मी बोललो, सलोमी. हात वर झाले, मोजले गेले. मला येऊन चार महिने झालेत." मग हळूच म्हणाले, "वाचन छान कर."

ती वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली मुलगी. तिच्याकडे आणखी दहा मुद्दे होते, पण ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं. सगळे चहाकडे गेले होते.

सोमवारी क्लासबाहेर आम्रपालीने वडापाव पुढे केला. "मानलं तुला! घे." सलोमीने तो हातात धरला, गार होईपर्यंत. सगळं ऐकल्यावर आम्रपाली म्हणाली, "अगं, पण तू तर फक्त विचारलंस."

घरी आली तर आई स्टुलावर चढून रांगोळीचा डबा माळ्यावर ठेवत होती. माहेरून आणलेला, झाकणाला पोचे पडलेला.

"आई, सॉरी. मला नव्हतं गं माहीत असं होईल."

"त्यात काय एवढं? पायरीवर वाकून गुडघे दुखतातच हल्ली." आईने डबा आणखी आत सरकवला. "तू तुझं वाचन नीट कर. मी मागे बसून ऐकेन."

पप्पा दारात उभे होते. "मी वाचायला नको होतं," ते म्हणाले. "पण मी नसतं वाचलं तर दुसऱ्याने वाचलं असतं."

"आणि मी नसतं विचारलं तर?" सलोमी म्हणाली.

आई स्टुलावरून उतरली, हाताला लागलेली पांढरी पूड पदराला पुसली. गॅलरीत शेजाऱ्यांच्या लहान मुलांनी टांगलेला कागदी तारा वाऱ्याने गोल फिरत होता.

सलोमीने दप्तर खाली ठेवलं. ताऱ्याचं ते वाचन तिला तोंडपाठ होतं, आत्ताही ओठांवर आलेलं.

"आई, पप्पा, ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत नव्हता, पण तुटलाही नाही. "नाताळला माझं नाव पुकारलं तरी मी उठणार नाही. मी आईशेजारी मागे बसणार आहे."