आधी वरिष्ठांनी उतरावे

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. लाडानं नव्हे, वैतागून. सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचं, ते रात्री पांघरूण ओढेपर्यंत चालू. पांघरुणाखालीही काही वेळ खरखर ऐकू यायचीच. या तोंडापायी तेविसाव्या वर्षापर्यंत तिच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. पहिली दातांच्या डॉक्टरांकडे. बाहेर बसलेल्या पेशंटांना ती इतकं हसवायची, की आत खुर्चीत बसल्यावरही त्यांचं हसू थांबेना आणि डॉक्टरांच्या हाती दात लागेना. दुसरी वाचनालयात. तिथं ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली.

तिसरी नोकरी आत्यानं मिळवून दिली होती. कंपनी वजनकाट्यांची. सोनाराच्या नाजूक काट्यापासून भरला ट्रक उभा करायच्या काट्यापर्यंत सगळं तिथं तयार व्हायचं. आत्यानं एके काळी तिथल्या पॅकिंग विभागात वीस वर्षं काढली होती, त्या ओळखीवर शब्द टाकला होता. एका आठवड्याची उमेदवारी, दुसऱ्या मजल्यावर, तक्रार विभागात. पसंत पडली तर कायम, नाही तर घरी.

या कंपनीत नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक पुस्तिका मिळे. वागणुकीचे नियम, कलमं बेचाळीस. प्रत्येकजण ती घरी नेई आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवून देई. रेडिओच्या नशिबी ते सुख नव्हतं. आत्या पुस्तिका घेऊन समोर बसली.

"कलम चौदा?"

"लिफ्टमध्ये वरिष्ठ असतील तर बटण त्यांना दाबू द्यावे."

"पंधरा?"

"आधी वरिष्ठांनी उतरावे, मग कनिष्ठाने."

"सोळा?"

"वरिष्ठांनी विचारल्याशिवाय बोलू नये. पण आत्या, समजा त्यांच्या डोक्यावर पंखा पडत असेल तर?"

"तर पडू दे!" आत्या कडाडली. "दोन नोकऱ्या घालवल्यास. ही घालवलीस तर तुझ्यासाठी पुन्हा कुणापुढे तोंड वेंगाडणार नाही मी. आणि एक लक्षात ठेव. मोठे साहेब कधी दिसलेच, तर श्वाससुद्धा हळू घे. पांढरेशुभ्र केस, काडीसारखी अंगकाठी, खिशात साखळीचं घड्याळ. बोलत काही नाहीत. नुसतं घड्याळ बघतात, तेवढ्यानं माणसाला घाम फुटतो."

रेडिओनं मनाशी पक्कं केलं. पाच दिवस ती तक्रार विभागात मूग गिळून बसली. कुणाचा काटा अडकला, कुणाचा मालाशिवायच दोन किलो दाखवतो, सगळं ऐकून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. एका माणसाचा काटा फक्त बायको घरी असली की चुकायचा. त्यावर तिला इतकं बोलायचं होतं, इतकं बोलायचं होतं, की तिनं पेन्सिलीचं टोक चावून तोडलं.

विभागाच्या ताई तिच्याकडे चष्म्यावरून बघत राहायच्या.

"बोलता येतं ना गं तुला?"

"हो, ताई."

"बरं. मग काही सांगायचंय?"

"नाही, ताई."

ताई सुस्कारा सोडायच्या आणि कागदावर काहीतरी लिहायच्या. रेडिओला वाटायचं, शाबासकी लिहितायत.

सहाव्या दिवशी निरोप आला : सकाळी दहाला सहाव्या मजल्यावर भेटावे. उशीर झाल्यास उमेदवारी संपली असे समजावे.

ती वीस मिनिटं आधीच पोचली. निळा कडक इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले आखूड केस. जिन्याला रंग लावायचं काम चालू होतं, आडवी दोरी बांधली होती. म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. आत पांढऱ्याशुभ्र केसांचे, काडीसारखे गृहस्थ उभे होते. खिशातून साखळी लोंबत होती.

मोठे साहेब!

साहेबांनी तिला बघून चक्क मान झुकवली. मोठी माणसं किती नम्र असतात, असं वाटून ती त्याहून खाली वाकली. ते आणखी वाकले. दोघांची डोकी आपटायची तेवढी राहिली. मग दार लागलं आणि लिफ्ट जागच्या जागी उभी राहिली.

आता साहेब बटण दाबतील. साहेबांनी दाबलं नाही. त्यांनी बटणांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि घड्याळ काढून बघितलं. तिला घाम फुटला. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बटण दाबायचं नाही. राहिलं काय? हसायचं. ती हसली. तेही हसले. लिफ्ट उभीच.

तेवढ्यात कुणीतरी तळघरातून लिफ्ट बोलावली. ती खाली गेली, दार उघडलं आणि शीळ घालत एक धिप्पाड माणूस ढकलगाडी घेऊन आत आला. गाडीवर काटे तपासायची वीस वीस किलोंची वजनं. दोघं भिंतीला पालीसारखी चिकटली.

"कितवा?" वजनवाल्यानं विचारलं.

रेडिओनं अदबीनं साहेबांकडे हात केला. साहेबांनी अदबीनं तिच्याकडे हात केला.

"बरं," वजनवाला म्हणाला, "तुमचं ठरेस्तोवर मी माझा पाचवा दाबतो."

तो पाचव्यावर उतरला, आणि वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. सहावा मजला! दार उघडलं. समोर चहावाल्या मावशी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांच्या मागं उघडं केबिन, आणि केबिनमध्ये स्टुलावर चढून एक बाई भिंतीवरच्या घड्याळाशी झटापट करत होती. दातात स्क्रू ड्रायव्हर.

नऊ पंचेचाळीस. रेडिओचा जीव भांड्यात पडला. आता साहेब उतरतील, मग आपण.

साहेबांनी हात पुढं केला : आधी तुम्ही. तिनं दोन्ही हात पुढं केले : छे छे, आधी तुम्ही. साहेबांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, जणू गालिचा अंथरावा तशी वाट दाखवली. ही परीक्षाच आहे, तिनं ओळखलं. कलम पंधरा! ती खांबासारखी उभी राहिली.

"उतरताय," मावशींनी विचारलं, "की मुक्काम आहे?"

कुणीच हललं नाही. मावशी आत आल्या, तळमजल्याचं बटण दाबलं, आणि सहावा मजला डोळ्यांदेखत वर निघून गेला.

तिथून पुढं काही ताळतंत्र राहिलं नाही. मावशी उतरल्या. पहिल्यावर कुणी बोलावलं, तिसऱ्यावर कुणी. चौथ्यावर आराखडे काढणाऱ्या चार जणी गुंडाळ्या घेऊन एकदम घुसल्या आणि लिफ्ट कोकलायला लागली. वजन जास्त! कलम सतरा : गर्दी झाल्यास कनिष्ठाने उतरून जागा द्यावी. रेडिओनं बाहेर उडी मारली. त्याच क्षणी साहेबांनीही मारली. लिफ्ट गेली, आणि चौथ्या मजल्यावरच्या झाडाच्या कुंडीच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांकडे बघून हसत राहिली. तिचे गाल दुखायला लागले होते.

लिफ्ट परत आली तेव्हा आत मावशी होत्या. यावेळी ट्रेमध्ये भरलेले कप. त्यांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "अजून इथंच? चहा घ्या मग."

सहाव्यावर मावशी उतरल्या. नऊ त्रेपन्न. पुन्हा उघडं दार, पुन्हा स्टुलावरची बाई. आता ती वळून लिफ्टकडेच बघत होती. पुन्हा आधी तुम्ही, आधी तुम्ही. साहेबांची नजर मात्र त्या भिंतीवरच्या घड्याळावर खिळली होती आणि बोटं शिवशिवत होती. दार लागलं. खालून कुणीतरी बोलावलं. लिफ्ट खाली, थेट तळघरात. बोलावणाऱ्यानं तेवढ्यात बेत बदलला असावा, कारण तिथं चिटपाखरू नव्हतं. दार पुन्हा लागलं आणि लिफ्ट थांबली.

साहेबांनी घड्याळ काढलं. तिला काटे स्पष्ट दिसले. दहाला पाच कमी.

रेडिओच्या डोळ्यांसमोर आत्या आली, पुस्तिका हातात घेतलेली. बोललीस तर नोकरी गेली. पण दहा वाजले तरी गेलीच की! मग निदान बोलून तरी घालवावी. सहा दिवसांचा साठा होता. बांध फुटला.

"साहेब, माफ करा, मला माहीत आहे की विचारल्याशिवाय बोलायचं नाही, कलम सोळा, पण तुम्ही विचारतच नाही हो! मला दहाला सहाव्यावर पोचायचंय, नाही तर माझी उमेदवारी संपते, आणि ही माझी तिसरी नोकरी आहे, पहिली दात न निघाल्यामुळे गेली, म्हणजे माझे नाही, पेशंटांचे, आणि आत्या म्हणाली आहे की आता ती कुणापुढे तोंड वेंगाडणार नाही, आणि तसं ते तिला शोभतही नाही. मला हे काम फार आवडतं, साहेब. एकाचा काटा बायको घरी असली की चुकतो. मला पहिल्या दिवशीच कळलं का चुकतो ते! ती घरी असली की कपड्यांचं मशीन लावते, काटा त्याच्या शेजारी, सगळं घर थरथरतं तर काटा काय करील? पण मी बोलले नाही. सहा दिवस बोलले नाही! माझं वजनसुद्धा वाढलं असेल न बोललेल्या शब्दांनी. तेव्हा कृपा करून, साहेब, ते बटण दाबा!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम," ते चाचरत म्हणाले, "मलाही दहालाच बोलावलंय. माझी पण उमेदवारी आहे."

"तुमची?"

"मी घड्याळजी. दुकान बंद झालं, म्हणून इथं सोनारकाट्यांच्या विभागात आलोय. जावई म्हणाले, थोरले साहेब निवृत्त झाले, आता त्यांची लेक सगळं बघते. तरुण, केस आखूड. तुम्ही आत आलात आणि माझी तर पाचावर धारण बसली. पुस्तिका पाठ केली आहे हो मी. दोनदा लिहून काढली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आधी घड्याळजींच्या खांद्यांना कंप सुटला. मग तिच्या. मग दोघंही भिंतीला टेकून असं हसू लागली, की लिफ्ट हलली. ती हसण्यानं नव्हे. सहाव्यावरून कुणीतरी बोलावलं होतं.

"काका, घड्याळ!"

"अठ्ठावन्न. साडेअठ्ठावन्न."

दार उघडलं. समोर ती घड्याळवाली बाई, बटणावर बोट ठेवून उभी.

"चला काका, आधी तुम्ही! तुम्ही वयानं मोठे."

"नाही गं पोरी, तू सोमवारी आलीस, मी मंगळवारी. नोकरीत तू वरिष्ठ."

दार लागायला लागलं. दोघांनी एकदमच झेप घेतली, खांद्याला खांदा लागून दारात घट्ट अडकली, क्षणभर एकमेकांना "माफ करा" म्हणाली, आणि बुचासारखी सुटून त्या बाईच्या पायाशी जाऊन पडली.

"दहाला एक कमी," घड्याळजी जमिनीवरून म्हणाले.

"आमच्या घड्याळात पावणेनऊच आहेत," बाई म्हणाली. "सकाळपासून बंद पडलंय. उठा. मी थोरल्या साहेबांची लेक."

रेडिओ उठली आणि लगेच पुन्हा खाली बसावं असं तिला वाटलं.

केबिनमध्ये मॅडमनी एक कागद पुढं ओढला. "ताईंनी लिहिलंय : काम चोख, अक्षर छान. पण मुलगी बोलतच नाही. तक्रारींच्या फोनवर कशी बसवणार? नको." त्यांनी कागद फिरवून दाखवला. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नाही.' "हे मी काल रात्रीच लिहून टाकलं होतं."

रेडिओनं कागद पुन्हा वाचला. बोलले तर जाते आणि नाही बोलले तरी जाते, अशी ही कसली नोकरी?

"पण लिफ्टच्या त्या बोगद्यातून आवाज किती स्पष्ट वर येतो, तुम्हाला माहीत नसेल," मॅडम म्हणाल्या. "कपड्यांचं मशीन! आमचे दोन कारागीर तो काटा तीनदा उघडून आले. सोमवारपासून फोन तुमच्याकडे." त्यांनी खोडरबर घेऊन 'नाही' खोडलं आणि नीट फुंकर मारली. "आणि उशिराचं म्हणाल, तर आज तुम्ही दोघं तीनदा वेळेवर आलात. असं या कंपनीत कधी घडलेलं नाही. काका, तुमच्या विभागानं तर आधीच हो म्हटलंय. हे तेवढं..."

घड्याळजी स्टुलावर कधीच चढले होते. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकू लागलं.

"ती पुस्तिका खरंच कुणी वाचतं?" मॅडमनी हळूच विचारलं. "बाबांनी सहा महिने बसून लिहिली होती. त्यांना आज सांगते. रात्रभर झोपायचे नाहीत आनंदानं."

मॅडमचा निरोप घेऊन दोघं लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं. "आत्याला काय सांगू हेच कळत नाही, काका," रेडिओ सुरू झाली, "म्हणजे कळतंय, पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही, दातांपासून करू की कुंडीपासून..." घड्याळजी डोळे पुसत हसत होते, मान डोलवत होते, मधेच एखादं "मग?" टाकत होते.

कितीतरी वेळानं दार उघडलं. चहावाल्या मावशी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मजला सहावाच होता.

मावशींनी दोघांकडे बघितलं, मग बटणांकडे बघितलं.

"म्हणजे मुक्कामच आहे म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि आत शिरल्या.