आपल्या जिल्ह्याचं नाव

त्या उन्हाळ्यात कवठाळ्यात पाणी एवढं आटलं होतं, की माणसं तोंड धुतानाही आजूबाजूला बघून घ्यायची. गावच्या टाकीत पाणी किती, हे टाकीवरच्या छोट्या कॉम्प्युटरनं आपणहून तहसिलीला कळवायचं, ही महादेवीची कल्पना. नायब तहसीलदार बारा वाजता बघायला येणार होते. जमलं तर टाकी तळाला जायच्या आत टँकर. न्हाई तर आहे तसाच, चार दिवसांआड.

कॉम्प्युटर जुना. पाणी मोजणारा सेन्सर त्याच्या कर्नलला, म्हणजे आतल्या कारभाऱ्याला, ओळखूच येईना. मग मामेभाऊ मन्मथनं उदगीरच्या आपल्या दुकानात खास कर्नल कंपाइल केलं, त्याच्याशी जुळतील अशा लायब्रऱ्या, म्हणजे कारभाऱ्याच्या हाताखालची माणसं, बांधल्या आणि सेन्सरचं मॉड्यूल, म्हणजे त्याची बोली जाणणारा दुभाष्या, घालून पेनड्राइव्ह धाडला. महादेवीनं त्यानं सांगितलेल्या नावाचं फोल्डर करून सगळं हातानं जागच्या जागी ठेवलं. जात्यातून पीठ गळावं तशा ओळी पडद्यावरून सरसर सरल्या. यंत्र जागं झालं. सेन्सर मात्र मुका.

साडेअकराला तिनं फोन लावला.

"मन्मथ, मॉड्यूल सापडत न्हाई म्हणून राहिलंय रे."

"अक्का, फोल्डरला कर्नलचंच नाव दिलंस ना? आकड्यापुढं आपल्या जिल्ह्याचं?"

"दिलं की. लातूर."

पलीकडं खुदखुद. "लातूर? मी कर्नलात उदगीर लिवलंय!"

"उदगीर जिल्हा कधी झाला रे?"

"होऊन राहिलाय की!"

"लई वर्सं होऊन राहिलाय!"

टाकीच्या सावलीत घागर धरून बसलेली तिची आई, नागम्मा, वैतागली. "सरकार करीना, तर तू कर की गं. भांडत काय बसलीस?"

महादेवीनं लातूर खोडलं, उदगीर लिहिलं, मॉड्यूलची यादी नव्यानं करवली आणि यंत्र परत चालू केलं.

पडद्यावर आकडा उमटला: एक फूट चार इंच.

जीप थांबली. नायब तहसीलदार पडद्यापाशी वाकले. "हे उदगीर काय लिहिलंय?"

"साहेब, नाव नंतर. आधी पाणी बघा."

त्यांनी टाकीत बांबू सोडला, ओली खूण मोजली, पुन्हा मोजली; तेवढीच भरली. मग चपराशाकडं वळले. "टँकरवाल्याला फोन लाव. एवढ्या पाण्यात सांजसुद्धा निघायची न्हाई."