थोरलीचं हळदकुंकू

सोपानरावांच्या शेडमध्ये यंत्रं चार, पण नाव होतं एकीलाच. तीन लेथ म्हणजे नुसते लेथ. कोपऱ्यातली पत्रा कापायची अवजड प्रेस मात्र 'थोरली'. भोसरीची वडिलोपार्जित जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून सोपानरावांनी ती मुंबईहून जुनीच उचलून आणली होती. त्यानंतर तिच्या दुरुस्तीत जे गेलं, त्यात दुसरी नवीकोरी आली असती. पण हे त्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती शेवटी सूनबाईनं बांधली.

इंद्रायणी पुण्याची, एम. कॉम. झालेली. लग्नानंतर शेडचा कागदी कारभार तिच्याकडे आला आणि कॉलेजात परीक्षेपुरती घोकलेली वाक्यं एकदम जिवंत झाली. त्यातलं एक तर तिच्या डोक्यातून जाईना: झालेला खर्च निर्णयात धरू नये. गेलं ते गेलं. इथून पुढे काय येणार आणि काय जाणार, तेवढंच बघायचं.

चिंचवडची एक कंपनी गिअर कापायचं काम कायमचं द्यायला तयार होती. त्यासाठी नवं यंत्र हवं, आणि यंत्राला जागा हवी. जागा होती ती थोरलीखाली. तिला कोल्हापूरचं गिऱ्हाईकही आलं होतं, मोडीत काढून लोखंड विकणारं. कंपनीला उत्तर दसऱ्यापर्यंत द्यायचं होतं. आणि सोपानरावांच्या घरची रीत अशी, की खंडेनवमीला ज्याला कुंकू लागलं ते वर्षभर विकायचं नाही. खंडेनवमी उद्यावर आली होती.

गुरुवार होता, वीज बंद असायची म्हणून सगळ्या भोसरीला सुट्टी. बापलेक पूजेसाठी यंत्रं पुसत होते. इंद्रायणीनं चहाची किटली खाली ठेवली.

"मामंजी, उद्या थोरलीला कुंकू लावू नका."

तिचा नवरा ज्योतीराम लेथ पुसता पुसता थांबला. सोपानराव मात्र हसले. "का गं? रुसलीय व्हय ती तुझ्यावर?"

"ती जागा अडवून बसलीय. त्या जागेत दुसरं यंत्र जे मिळवेल ते आपण रोज घालवतोय. तो तिचाच खर्च धरायचा."

"म्हंजी उभं ऱ्हायचं भाडं? माझ्याच शेडात? भले शाब्बास!"

"शास्त्र तसंच आहे, मामंजी."

"आन् माझी जिमीन गेली हिच्यात, ती?"

"ती धरायची नाही."

"दुरुस्तीला घातलं ते?"

"तेही नाही."

"वा रे वा! घातलेलं काईच धरायचं न्हाई. ह्ये शास्त्र हाय का दिवाळं?" सोपानरावांनी फडकं टाकलं आणि उजवा हात तिच्यासमोर धरला. त्या हाताची दोन बोटं थोरलीनं फार पूर्वी नेली होती. "मंग ही? ही बी धरायची न्हाईत?"

इंद्रायणीला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शास्त्राचं उत्तर सरळ होतं: तीही धरायची नाहीत. तिनं ज्योतीरामकडे पाहिलं. सासऱ्यांची बोटं गेल्यापासून थोरलीवर तोच बसायचा. झिजत चालल्यापासून थोरली कधीमधी पायाची कळ न दाबताच दुसरा ठोका मारायची. गेल्या महिन्यात असाच एक ठोका पडला, हात नुकताच बाहेर आला होता. जेवताना ज्योतीरामनं ते हसत हसत सांगितलं आणि इंद्रायणी ताटावरून उठली.

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "गेलेली दोन धरायची नाहीत. राहिलेली धरायची. तुमची आठ." मग ती ज्योतीरामकडे वळली. "आणि यांची दहा. आकडे खरे आहेत, पण ते मी नंतर मांडले. आधी मला भीती वाटली."

सोपानराव चहा तसाच ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी पूजा केली. लेथना झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग ताट घेऊन थोरलीपाशी उभे राहिले. तिच्या चाकावर अधू हात ठेवून पुटपुटले, "लई केलंस बाई." इंद्रायणीनं डोळे मिटून घेतले. आता कुंकू लागणार आणि सगळं मुसळ केरात!

"ज्योती, हिकडं ये. हात म्होरं कर."

ज्योतीराम गोंधळून पुढे आला. सोपानरावांनी त्याच्या उजव्या तळव्याला हळद लावली, कुंकू लावलं. मग डाव्याला. राहिलेल्या तीन बोटांच्या चिमटीनं लावताना कुंकू थोडं सांडलं.

"घरची रीत म्हाईत हाय ना?" ते म्हणाले. "कुंकू लागलेलं आपण घालवत न्हाई." मग सुनेकडे न बघताच, "त्या कोल्हापूरवाल्याला सांगावा धाड."

ज्योतीराम दोन्ही तळवे उघडे धरून तसाच उभा होता. पुसायला त्यानं फडकं उचललं, तशी इंद्रायणी म्हणाली, "राहू द्या."